अजगर, बोआ आणि मांडूळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजगर निघाला की जमलेल्या गर्दीत दोन पार्ट्या पडतात. एक "मारा, मारा" म्हणणारी. दुसरी "काही करत नाही हो, बिनविषारी आहे" म्हणत शेपटीला हात घालणारी. सर्पमित्राला पहिल्या पार्टीइतकीच दुसरीचीही धास्ती असते. खालचे प्रश्न दोन्हीकडून येतात. कॉलवर उत्तरं घाईत द्यावी लागतात, इथे जरा सविस्तर देतोय.

अजगर आणि बोआ एकच का?

नाही, पण चुलतभाऊ म्हणता येतील. अजगरांचं कुळ आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियात आढळतं. त्यात सुमारे चाळीस जाती आहेत. बोआ प्रामुख्याने अमेरिका खंडातले, अ‍ॅनाकोंडा हा त्यांच्यातलाच. ढोबळ फरक असा, की अजगर अंडी घालतात आणि बहुतेक बोआ थेट पिल्लांना जन्म देतात. दोघांनाही विषग्रंथी नाहीत, दोघेही भक्ष्याला विळखा घालून मारतात. दोघांच्याही गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना नखासारखे छोटे काटे असतात. सापांच्या पूर्वजांना पाय होते, त्या मागच्या पायांचे हे अवशेष. नरात ते मोठे असतात आणि मिलनाच्या वेळी मादीला गोंजारायला तो ते वापरतो. बहुतेक सापांमध्ये डावं फुप्फुस जवळपास नाहीसं झालेलं असतं. या मंडळींकडे ते अजून शिल्लक आहे.

"सगळे अजगर प्रचंड असतात" हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियातला एक अजगर जेमतेम दोन फुटांचा भरतो.

भारतात यांच्यापैकी कोण कोण आहेत?

अजगराच्या तीन जाती. आपल्याकडे सगळीकडे दिसतो तो भारतीय अजगर: कोकण, सह्याद्री, विदर्भातली जंगलं, गोवा आणि थेट मुंबईचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. दुसरा ब्रह्मी अजगर, ईशान्य भारत आणि हिमालयाच्या पायथ्याकडचा. पूर्वी तो भारतीय अजगराचीच उपजात मानला जायचा, २००९ पासून त्याला वेगळी जात मानतात. फरक पाहायचा तर अगदी जवळून पाहावा लागतो: भारतीय अजगराच्या वरच्या ओठाचा एक खवला थेट डोळ्याला टेकतो, ब्रह्मी अजगरात ओठ आणि डोळ्याच्या मध्ये लहान खवल्यांची रांग असते. तिसरा जाळीदार अजगर. तो आपल्याकडे निकोबार बेटांवर आणि ईशान्येत आहे.

बोआंपैकी आपल्याकडे आहेत मातीत राहणारे छोटे भाऊबंद, म्हणजे मांडूळ आणि डुरक्या घोणस. त्यांच्याबद्दल पुढे.

अजगर नेमका किती मोठा होतो?

गर्दीतल्या शेवटच्या माणसाला विचारलं तर वीस फूट. भारतीय अजगर सहसा ३ मीटरच्या आसपास असतो. ४ मीटरच्या पुढचा क्वचितच सापडतो. जुन्या पुस्तकांतले सहा-सहा मीटरचे आकडे बहुधा ब्रह्मी अजगराचे असावेत, कारण तेव्हा दोघे एकाच नावाखाली मोजले जात. लांबीत जगात पहिला जाळीदार अजगर, वजनात दक्षिण अमेरिकेतला हिरवा अ‍ॅनाकोंडा.

जिवंत सापाची लांबी डोळ्यांनी कधीच बरोबर येत नाही. तो वेटोळ्यात असतो आणि आपण घाबरलेले असतो. फरशीवर असेल तर फोटोवरून फरश्या मोजा.

शेतात "अजगराचं पिल्लू" सापडलं. हातात घेऊ का?

नको. संपूर्ण पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

महाराष्ट्रात अजगराचं पिल्लू समजून लोक घोणस उचलतात. घोणस ही आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक आहे. तिचं विष रक्त गोठण्याची प्रक्रिया बिघडवतं, मूत्रपिंडं निकामी करतं. अजगराची पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडतात, दीड-दोन फुटांची, जाडसर, अंगावर तपकिरी नक्षी. त्याच सुमारास घोणशीची पिल्लंही फिरत असतात आणि मोठी घोणस तीन-साडेतीन फुटांची, तशीच जाडसर, तशीच तपकिरी. संध्याकाळच्या उजेडात, गवतात, अर्धं अंग दिसत असताना फसायला एवढं पुरतं.

फरक असे. घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, गडद काठाच्या, साखळीच्या कड्यांसारख्या रांगेत. अजगराच्या अंगावरचे डाग वेडेवाकडे, एकाला एक न जुळणारे, नकाशातल्या तालुक्यांसारखे. घोणशीचं डोकं त्रिकोणी, मान स्पष्ट बारीक, डोक्यावर बारीक बारीक खवले. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते, डोक्याच्या कडा गुलाबीसर दिसतात आणि वरच्या ओठावर छोटे खड्डे असतात. घोणशीचे खवले खरखरीत, अजगराचे गुळगुळीत. ऊन पडलं की चकाकतात. घोणस छेडली की मोठ्याने, लांबलचक फुत्कारते. फुत्कार अजगरही टाकतो, त्यामुळे फक्त आवाजावर जाऊ नका.

यात तिसरा घोळ डुरक्या घोणशीचा. नावात घोणस, अंगावर घोणशीसारखेच डाग, आणि प्रत्यक्षात बिनविषारी बोआ. तिची शेपटी एकदम आखूड आणि खडबडीत असते. घाबरलेल्या माणसाने हे सगळं पडताळून पाहावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. खात्री नसेल तर तो साप विषारी धरून चाला आणि मागे सरका.

विष नाही तर भक्ष्य मारतो कसा?

शाळेत शिकवलं ते असं: विळखा घालतो, भक्ष्याने श्वास सोडला की विळखा घट्ट करतो, शेवटी भक्ष्य गुदमरतं. हाडं मोडतो असंही ऐकलं असेल. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बोआंच्या विळख्यात सापडलेल्या, भूल दिलेल्या उंदरांचा रक्तदाब मोजला, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. विळखा पडताच काही सेकंदांत रक्ताभिसरणच कोलमडतं. मेंदूला रक्त पोचत नाही, हृदयाची लय बिघडते. गुदमरून मरायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा हा मृत्यू कितीतरी झटपट येतो. हाडं मोडणं हा विळख्याचा उद्देश नसतो. मोडलेल्या बरगड्या घशात टोचल्या तर नुकसान सापाचंच.

त्याआधीची पायरी दबा धरण्याची. अजगर पाठलाग करत नाही. वाटेच्या कडेला, पाण्याजवळ, पाचोळ्यात तो तासन्‌तास पडून राहतो. ओठांवरच्या खड्ड्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे गरम रक्ताचा प्राणी काळोखातही त्याच्यापासून लपत नाही. दात मागे वळलेले असतात. एकदा धरलं की भक्ष्याची धडपड त्याला आतच सरकवते.

तोंडापेक्षा मोठा प्राणी आत जातो कसा? जबडा निखळतो का?

निखळत नाही. खालच्या जबड्याची दोन हाडं आपल्यासारखी हनुवटीपाशी जोडलेली नसतात. मध्ये ताणली जाणारी अस्थिबंधनं असतात, त्यामुळे डावी आणि उजवी बाजू स्वतंत्र हलते. एक बाजू धरून ठेवते, दुसरी पुढे सरकते, असा तो भक्ष्यावर चढत जातो. गिळताना श्वास कोंडू नये म्हणून श्वासनलिकेचं तोंड पुढे सरकवून बाहेर काढून ठेवतो. बहुतेकदा डोक्याकडून गिळतो, म्हणजे पाय अंगाला चिकटतात आणि केस उलटे फिरत नाहीत.

गिळल्यानंतर इतके दिवस सुस्त का पडतो?

सुस्त दिसतो फक्त बाहेरून. आत मोठी धावपळ चाललेली असते. उपाशी अजगराची पचनसंस्था जवळजवळ बंद असते, आतडी आक्रसलेली, जठरात आम्ल नाही. घास पोटात गेला की एका दिवसात जठर तीव्र आम्लाने भरतं. आतड्यांचं वजन झपाट्याने वाढतं. ब्रह्मी अजगरावरच्या अभ्यासांत दिसलं, की दोन-तीन दिवसांत हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो आणि खूप मोठ्या भक्ष्यानंतर शरीराचा ऑक्सिजनचा वापर विश्रांतीच्या तुलनेत ४० पटींपर्यंत जातो. पचन झालं की सगळं पुन्हा लहान. हृदय वाढवून परत आटोक्यात आणण्याची ही करामत माणसाच्या हृदयरोगांच्या संशोधकांनाही खुणावते.

हाडं विरघळतात, केस, खुरं, दात विष्ठेतून बाहेर पडतात. मोठ्या जेवणानंतर महिनोन्‌महिने काही खाल्लं नाही तरी चालतं. मात्र हे सगळं उबेवर अवलंबून आहे. साप थंड रक्ताचा, त्यामुळे गारठा पडला तर पचन मंदावतं आणि भक्ष्य पोटातच सडण्याचा धोका असतो. पोट भरलेला अजगर उघड्यावर उन्हात येऊन पडतो तो यासाठी. आणि नेमका तेव्हाच तो आपल्याला दिसतो.

अजगराने शेळी गिळली. पोट दाबून किंवा फाडून ती वाचेल का?

नाही. गिळायला सुरुवात होण्याआधीच ती मेलेली असते. तरीही काठ्या मारून शेळी "बाहेर काढल्याचे" व्हिडिओ फिरतात. त्यात दिसतं ते असं: गर्दीने घेरलं की पळण्यासाठी अजगर पोट हलकं करतो, म्हणजे भक्ष्य ओकून टाकतो. त्याची काही आठवड्यांची, कदाचित महिन्यांची कमाई गेली, शेळी मेलेलीच राहिली, आणि ओकताना त्याचा घसाही सोलवटला. मालकाचं नुकसान खरं आहे, ते मी हसण्यावारी नेत नाही. अजगराला हात न लावता फोटो काढा, वनरक्षकाला बोलवा, भरपाईची चौकशी त्याच्याकडेच करा. आणि झाडीला लागून असलेल्या गोठ्याच्या भिंतीतली भोकं बुजवा, कोंबड्यांचं खुराडं जमिनीपासून उचला.

माणसाला गिळतो का?

भारतीय अजगर मोठ्या माणसाच्या खांद्यांच्या रुंदीला पुरा पडण्याइतका होत नाही. जाळीदार अजगराची गोष्ट निराळी. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर २०१७ मध्ये एक तरुण आणि त्याजवळच्या मुना बेटावर २०१८ मध्ये एक महिला अजगराच्या पोटात सापडली. त्यानंतरही अशा घटना घडल्या आहेत. फिलिपिन्समधल्या आगता या शिकारी समाजाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे २६ टक्के प्रौढ पुरुषांवर कधी ना कधी जाळीदार अजगराने हल्ला केला होता. आगता लोक स्वतः अजगर मारून खात, दोघांचं भक्ष्यही बरंचसं एकच. हे वैर दोन्ही बाजूंनी होतं.

आपल्याकडे धोका लहान मुलांना आणि अति धीट प्रौढांना. दोन-अडीच मीटरच्या पुढचा अजगर एकट्याने हाताळू नये, गळ्यात तर मुळीच घेऊ नये.

चावला किंवा विळखा घातला तर?

चावल्यावर हात हिसडू नका. दात मागे वळलेले, हिसडल्यास कातडी फाटते आणि दात आत तुटतात. सुटल्यावर साबण लावून वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवा, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सर्पदंशावरची प्रतिविषाची लस इथे लागत नाही. अर्थात साप अजगरच होता याची खात्री असेल तर. नसेल तर थेट मोठं रुग्णालय, १०८ ला फोन.

विळखा शेपटीच्या टोकाकडून उलगडायचा असतो. ताकद अंगाच्या मध्यात असते, तिथे ओढाताण करून काही होत नाही. वनपर्वात नहुष अजगर होऊन भीमाला जखडतो आणि युधिष्ठिराने प्रश्नांची नीट उत्तरं दिल्यावर सोडतो. खऱ्या अजगराच्या बाबतीत शेपटीच गाठावी लागते.

अंडी कधी घालतो? मादी खरंच अंड्यांवर बसते?

हिवाळ्यात मिलन, उन्हाळ्यात अंडी, साधारण दोन महिन्यांनी पिल्लं. अंडी काही डझन असू शकतात, क्वचित शंभरापर्यंत. मादी त्यांच्याभोवती वेटोळं घालून राहते, त्या काळात बहुधा काहीच खात नाही. गार वाटलं की स्नायू थरथरवून उष्णता निर्माण करते. थंड रक्ताच्या प्राण्याने असं करावं हे एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांच्या गळी उतरेना. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ वालांसियेन यांनी अंड्यांवर बसलेल्या मादीच्या वेटोळ्यात तापमापक धरला, तेव्हा कुठे पटलं.

पिल्लं बाहेर पडली की आईचं काम संपलं. खोदकामात किंवा बांध फोडताना मादीसकट अंडी सापडली तर काम थांबवून वन विभागाला कळवा. अंडी हलवायचीच वेळ आली तर ती वरची बाजू वरच ठेवून उचलावी लागतात, नाहीतर आतला जीव मरतो. हे काम जाणकारालाच करू द्या.

श्वासाने भक्ष्य ओढतो, झोपलेल्या मालकाची लांबी मोजतो, हे खरं का?

पहिलं खोटं. दुसरी इंटरनेटवरची लोणकढी थाप: पाळलेला अजगर जेवण सोडतो, मालकिणीशेजारी ताठ झोपतो, डॉक्टर सांगतात की तो तुम्हाला गिळायचं माप घेतोय. अजगर माप घेत बसत नाही. जमेल असं वाटलं की झडप घालतो, नंतर नाही जमलं तर सोडून देतो.

घरात, विहिरीत, जाळ्यात अजगर दिसला तर काय करायचं?

महाराष्ट्रात वन विभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६. माणूस येईपर्यंत लांबून लक्ष ठेवा, मुलं आणि कुत्री दूर ठेवा, बाहेर जायची एक वाट मोकळी सोडा. मत्स्यतळ्यांवरच्या नायलॉन जाळ्यात अडकलेले अजगर बरेच सापडतात. जाळं ओढू नका, धागे कातडीत रुतलेले असतात. विहिरीत पडला असेल तर जाडसर फांदी किंवा दोराला बांधलेली टोपली सोडून ठेवा, बऱ्याचदा आपण होऊन त्यावर येतो. पोहायला उत्तम, त्यामुळे बुडेल याची लगेच काळजी नको.

भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मारणं, पकडणं, बाळगणं यांना ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. पकडून रील काढणाऱ्यांवरही गुन्हे दाखल झालेले आहेत.

मांडूळ कोट्यवधींना जातं म्हणतात?

जाते ती अफवा. मांडूळ हा शेतातल्या उंदरांवर जगणारा, मातीत राहणारा बोआ. शेपटी डोक्यासारखीच बोथट, म्हणून "दुतोंड्या". धोका वाटला की डोकं वेटोळ्यात लपवून शेपटी पुढे करतो, म्हणजे घाव पडला तर शेपटीवर पडावा. या साध्या बचावावर गुप्तधन, पैशांचा पाऊस, दुर्धर रोगांवरची औषधं असा सगळा बाजार उभा राहिला. व्यवहारात दिसतात ते दलाल, दलालांचे दलाल आणि शेवटी बनावट गिऱ्हाईक होऊन आलेले पोलीस. जीव जातो मांडुळाचा आणि तुरुंगात जातो तो बिचारा वावरातून पकडून आणणारा.

धामणही मोठी आणि बिनविषारी. ती अजगराची कोण?

कोणी नाही. धामण वेगळ्या कुळातली, चपळ, दिवसा फिरणारी. विळखा न घालता ती भक्ष्य जबड्याने किंवा अंगाखाली जमिनीवर दाबून धरते. गाईचे पाय बांधून दूध पिते, हे तिच्यावरचं जुनं बालंट.

अजगर पाळता येतो का?

भारतीय अजगर नाही, कुठल्याही परवानगीने नाही. आफ्रिकेतला बॉल पायथन बऱ्याच घरांत दिसतो. त्याच्यासाठी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि तो कुठून आला याची कागदपत्रं लागतात. माझं मत विचाराल तर नको. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका बॉल पायथनने २०२० मध्ये, वयाच्या सुमारे ६२ व्या वर्षी, पंधराएक वर्षं नराचं तोंडही न बघता अंडी घातली. इतकी वर्षं सांभाळायची तयारी असलेला हौशी माणूस विरळा. कंटाळा आल्यावर तो साप सोडणार कुठे?

सोडला तर एवढं काय बिघडतं?

फ्लोरिडाला विचारा. तिथे पाळीव प्राण्यांच्या व्यापारातून सुटलेले ब्रह्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत रुजले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जुन्या नोंदींच्या तुलनेत रॅकून हा छोटा सस्तन प्राणी दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं. शोधमोहिमा, बक्षिसं, शिकारी कुत्रे, सगळं करून झालं. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी तमिळनाडूतून मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या साप पकडण्यात तरबेज असलेल्या दोन इरुळा आदिवासींना बोलावलं. वाटेवरचा माग, विष्ठा, गवताची दबलेली पात बघत हे दोघे चालत आणि इतरांना न दिसलेले अजगर काढत. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. अजगर मात्र अजूनही तिथेच आहेत.

कच्छमध्ये सापडलेला महाकाय साप अजगरच होता ना?

नव्हता. पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळालेल्या २७ मणक्यांवरून आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी २०२४ मध्ये "वासुकी इंडिकस" ही जात जाहीर केली. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं, लांबीचा अंदाज ११ ते १५ मीटर. तो एका नामशेष कुळातला साप होता. दबा धरून, विळखा घालून शिकार करत असावा असा कयास आहे, म्हणून बातम्यांत अजगर झाला.

जंगलात न जाता अजगर कुठे नीट पाहता येईल?

पुण्यात कात्रजच्या सर्पोद्यानात. बाहेर जायची तयारी असेल तर राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, डिसेंबर-जानेवारीत. तिथले अजगर साळिंदरांनी खोदलेल्या बिळांत राहतात आणि थंडीत सकाळी ऊन चढलं की बिळाच्या तोंडाशी येऊन पडतात. सुब्रमण्यन भूपती यांनी तिथेच भारतीय अजगराचा पायाभूत अभ्यास केला. सायकल रिक्षावाल्यांना बिळं पाठ असतात. लांब थांबा, दुर्बीण न्या, आणि साडेदहाच्या आधी जाऊन उपयोग नाही.